माझी तक्रार आहे

कोर्ट विमानाने येतं असं सांगितलं की लोकांच्या भुवया वर जातात. त्यांच्या डोळ्यांपुढे काय येतं कोण जाणे. प्रत्यक्षात ते विमान म्हणजे म्हाताऱ्या जीपला पंख लावावेत तसला प्रकार होता. दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही आणि खिडकीच्या फटीतून वारा थेट कानात शिरायचा. पायलट सोडला तर आत पाच जागा. न्यायाधीशसाहेब, त्यांचे लेखनिक, सरकारी वकील, आणि ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या वतीने उभ्या राहणाऱ्या वकीलबाई. पाचव्या जागेवर पट्ट्याने आवळलेली फायलींची पेटी बसायची.

डोंगरापलीकडच्या वस्त्यांना गाडीरस्ता नव्हता. पायवाट होती, पण नदी फुगली की तीही बंद. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा कोर्टच उडत जायचं, शाळेच्या एका वर्गात बसायचं, साचलेले खटले उरकायचं आणि ढग उतरायच्या आत परत फिरायचं. ढगांपुढे साहेबांचंही काही चालत नसे.

चढण्याआधी सगळ्यांचं वजन व्हायचं. पायलटला सगळे कॅप्टन म्हणत. तो मालाच्या काट्यावर एकेकाला उभं करून आकडा मोठ्याने सांगायचा, त्यात कुणाची लाज राखायचा नाही. सरकारी वकील अंगाने भरभक्कम. त्यांचा आकडा आला की वकीलबाई दुसरीकडे बघून हसायच्या. "हसा, बाई, हसा," ते म्हणायचे, "विमान वाऱ्याने हललं तर माझ्याच जिवावर सरळ राहील." त्या त्यांना 'सरकार' म्हणत. वर्षानुवर्षं कोर्टात एकमेकांवर तुटून पडून दोघांची अशी काही गट्टी जमली होती की एकाचा डबा दुसऱ्याने उघडला तरी कुणी विचारत नसे.

खरी कोर्टबाजी विमानातच व्हायची, हे उघड गुपित होतं. साहेब पुढे कॅप्टनच्या मागे डोळे मिटून बसत. मागे हे दोघे गुडघ्याला गुडघा लावून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून फायली चाळत. हा सोडा, तो कबूल होईल, याला दंड करा, त्याला दम द्या. विमान उतरेपर्यंत निम्मे खटले निकालात निघालेले असत. वेळ वाचायचा आणि माणसं सुटायची. बाईंचे वडील रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारत, "आज किती सोडवलेस?" आणि आकडा मोठा असला की पोरीच्या ताटात स्वतः वाढत. पन्नाशीला आलेली पोर, पण बापाला पोरच. बाईंनाही त्या आकड्याची चटक लागली होती, हे खरं.

त्या सकाळी सरकारी वकिलांनी एक पातळ फाइल बाईंच्या मांडीवर टाकली.

"परवाच वायरलेसवर तक्रार आलीय. चौकीची काच फोडलीय. दगड मारून. बाई आहे, दवाखान्यातल्या चादरी धुते. पहिलाच गुन्हा."

"काचेसाठी खटला? काय हो, सरकार."

"मागे घेतो. उतरल्या उतरल्या अर्ज देतो साहेबांना. मात्र त्या मारामारीवाल्या दोघा भावांना तुम्ही कबूल करायला लावायचं."

"ठरलं," बाई म्हणाल्या आणि फाइल खाली ठेवून दिली.

अशिलाचं तोंड पाहण्याआधी सौदा करू नये, हे कायद्याच्या पहिल्या वर्गात शिकवतात. पण काच फोडलेली बाई सुटते म्हटल्यावर त्यात विचारायचं काय, असं कुणालाही वाटलं असतं. तिथेच घोडं पेंड खात होतं.

शाळेत वर्गाचं कोर्ट झालं की बाईंना शेजारची अडगळीची खोली मिळायची. मोडके बाक, हवा गेलेले चेंडू, एका कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या. तिथे उभ्याउभ्या त्या अशिलांना भेटत. त्या दिवशी भराभर काम उरकत होतं. मारामारीवाले भाऊ कबूल झाले, दंड भरून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गेले. मग धुणंवाली आत आली. तिशीच्या आसपासची, अंगाने बारीक, पण मनगटं अशी की दोन पुरुषांच्या हातांना भारी पडावीत. ओल्या चादरी पिळून पिळून ती तशी झाली होती. तिच्या मागे तिची सासू दारातच बसली. धुणंवालीच्या हातात कापडाचं एक गाठोडं होतं.

"बस. चांगली बातमी आहे," बाई म्हणाल्या. "सरकारने खटला मागे घेतलाय. सुटलीस तू. घरी जा."

धुणंवाली बसली नाही. "मागे घेतला म्हणजे?"

"म्हणजे खटलाच उरला नाही. कुणी काही विचारणार नाही तुला."

"मग मला नेणार नाहीत?"

"कुठे?"

"शहरात. विमानातून." तिने गाठोडं छातीशी धरलं. "मागच्या खेपेला त्या मेंढ्या चोरणाऱ्याला नेलं होतं ना? मी तर सरकारी काच फोडली. मोठी काच होती. मला का नाही नेत?"

बाईंना आधी वाटलं हिला समजलं नाही. मग त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं. त्यातून लहान मुलीच्या फ्रॉकची बाही बाहेर आली होती.

पुढचं सासूने दारातूनच सांगितलं. नात आठ वर्षांची. एका जागी कधी टिकायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मागच्या आठवड्यात पोटात दुखतंय म्हणून लोळायला लागली, तर आतून पू झालेला निघाला. रुग्णांचं विमान आलं. त्यात पोर, तिची सलाइनची बाटली धरायला दवाखान्यातली सिस्टर, आणि एवढ्यातच विमान भरलं. आईला म्हणाले, पुढच्या फेरीला. पुढची फेरी म्हणजे कधी, ते कुणी सांगितलं नाही. पोरीचा बाप नदीपलीकडे रस्त्याच्या कामावर, त्याला निरोपसुद्धा पोचत नव्हता. दवाखान्यातल्या वायरलेसवर शहरातून रोज एक-दोन वाक्यं यायची. ऑपरेशन झालं. ताप आहे. ताप अजून आहे.

"आज सकाळी मी चादरी वाळत घालत होते," धुणंवाली म्हणाली. आता तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "आतून ऐकू आलं. पोर खात नाही. बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलीय. घरचं कुणी येऊ शकत असेल तर लवकर या म्हणाले. लवकर या असं दवाखान्यातले कधी म्हणतात, मला माहितीय. सात वर्षं तिथल्या चादरी धुतेय मी."

बाईंनी इतक्या लोकांना सोडवलं होतं, पण सुटका ऐकून असा चेहरा झालेला त्यांनी पाहिला नव्हता. आणि हे आपणच केलं, विमानात बसून, दोन वाक्यांत, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"थांब इथेच," त्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत कुठे जाऊ नकोस."

सरकारी वकील वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून भाकरी मोडत होते. बाईंनी सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"अर्ज मागे घ्या, सरकार. खटला परत उभा करा."

"सकाळीच सही झाली, बाई. संपलं ते. आणि उभा असता तरी काचेसाठी साहेब कोठडी देतील? दंड करून घरी पाठवतील." त्यांनी डबा बंद केला. "सरळ साहेबांना विचारा. मी पण येतो."

साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले होते. माणूस सरळ होता, पण असा सरळ की कुठे वाकायचंच म्हणून नाही. बाईंचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"नाही," शेवटी ते म्हणाले. "या विमानातून न्यायालयाचे लोक जातात, आरोपी जातो आणि त्याच्याबरोबरचा पोलीस. चौथं कुणी नाही."

"मी माझी जागा देते. मी इथे राहते."

"जागा तुमची नाहीच, तर देणार काय? इथल्या मास्तरांचा हात मोडला तेव्हा त्यांनाही मी नाही म्हटलं होतं. आज सकाळी ते वाकड्या हाताने फळा पुसत होते, मी पाहिलं. मला यात आनंद होतो असं समजू नका. पण आज हिला नेलं तर उद्या प्रत्येक घरासमोर मला निवड करावी लागेल, कोणाचं दुःख मोठं आणि कोणाचं लहान. ते काम माझं नाही."

रुग्णांचं विमान कधी येईल, हे विचारायला सरकारी वकिलांनी चौकीतून वायरलेस लावला. उत्तर आलं, हवा सुधारली तर चार-पाच दिवसांत. तेवढ्यात कॅप्टन व्हरांड्यात येऊन उभा राहिला. "साहेब, वरून ढग सरकायला लागलेत. आवरा आता, नाहीतर मुक्काम इथेच." लेखनिक पेटीत फायली भरू लागले.

व्हरांड्याच्या टोकाला धुणंवाली उभी होती. सासू खाली बसलेली. शेजारी हवालदार घुटमळत होता. वस्तीच लहान, हवालदार तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ निघाला यात नवल ते काय. तोच काचेचा तक्रारदार, आणि बिचारा स्वतःच ओशाळला होता.

"मी म्हणालो होतो, बाई," तो बाईंना म्हणाला. "वहिनी, काच मी बसवून घेतो, तू घरी जा. तर म्हणते लिहून घे, नाहीतर दुसरी फोडते."

"तू जरा लांब उभा राहा," बाई त्याला म्हणाल्या. तो व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खांबाला टेकला.

"नाही म्हणाले ना?" धुणंवालीने विचारलं.

"नाही म्हणाले."

ती धावपट्टीकडे बघत राहिली. गवतात विमान उभं होतं आणि कॅप्टन त्याच्या चाकाखालचे दगड काढत होता. मग तिने हळूच विचारलं, "काय केलं तर नेतात?"

"असं मला विचारू नकोस."

"तुम्ही वकील ना माझ्या? मग सांगा. काच लहान पडली. आता काय फोडू?" तिची नजर अंगणात फिरत होती. शाळेच्या घंटेखाली टोल द्यायचा लोखंडी दांडा टेकवून ठेवला होता. त्याच्यावर ती थांबली, तिथून हवालदाराकडे गेली आणि परत दांड्यावर आली. ही बाई आता बोलत नव्हती, हिशेब करत होती. ढग अर्ध्या डोंगरापर्यंत आले होते. आणखी थोडा वेळ, की ही काहीतरी करून बसणार, आणि ते इतकं मोठं असेल की पोर मोठी होईपर्यंत हिला तिचं तोंड दिसणार नाही.

"ऐक माझं," बाई घाईने म्हणाल्या. "तो दीर असला तरी अंगावर वर्दी आहे. वर्दीवर हात टाकलास तर वर्षानुवर्षं आत. दांडा तर बघूसुद्धा नकोस. विमानाजवळ जाऊ नकोस. साहेबांच्या वाटेला जाऊ नकोस. यातलं काहीही केलंस तर शहरात जाशील, पण पोरीपर्यंत पोचणार नाहीस. कळतंय का तुला?"

धुणंवालीने मान हलवली. मग बराच वेळ ती बाईंकडेच बघत राहिली. हात टाकता येईल असे सगळे एकेक करून संपले होते. उरलं होतं एकच माणूस, आणि ते समोरच उभं होतं.

"आणि तुम्हाला?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांच्या वकिलीत बाईंनी कधी कुणाला गुन्ह्याचा सल्ला दिला नव्हता आणि आताही त्यांची जीभ रेटली नाही. हो म्हणणं शक्य नव्हतं. नाही म्हणायला हवं होतं, ते त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी केला आणि पिशवीत ठेवला.

सणसणीत चपराक बसली. चादरी पिळणारा हात होता तो. बाई खांबावर आदळल्या, तोंडात रक्ताची चव आली, आणि कानात विमान सुरू झाल्यासारखा आवाज घुमू लागला. सासू किंचाळली. हवालदार धावत आला आणि त्याने वहिनीचे दोन्ही हात धरले, तेव्हा ती हमसून हमसून रडत होती.

"वेड लागलं का तुला? यांनीच तुला सोडवलं ना?" तो ओरडला, आणि मग बाईंकडे वळून गयावया करू लागला. "बाई, पदरात घ्या. पोरीच्या काळजीने डोकं फिरलंय तिचं. मी नेतो घरी, माफी मागायला लावतो."

आता गंमत बघा. लेखनिकांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, राहू द्या बाई, तुम्ही मोठ्या मनाच्या. सासूने पाय धरले. मास्तर आले आणि तेही तेच म्हणाले. ज्या बाईंनी आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं, की राहू द्या, जाऊ द्या, माणूस आहे, त्यांनाच आता चारही बाजूंनी सगळे तेच ऐकवत होते. एवढी माया एका जागी गोळा झाली होती. या चांगल्या माणसांनी मिळून त्या आईला घरी पाठवलं असतं.

"माझी तक्रार आहे," बाई म्हणाल्या. ओठ सुजायला लागला होता, म्हणून त्यांनी परत एकदा नीट म्हटलं. "माझी तक्रार आहे. हिला अटक करा."

हवालदाराला ऐकलेलं खरं वाटेना. "बाई, तुम्ही?"

"हो, मी. लिहून घे."

बांधलेली पेटी लेखनिकांनी कुरकुरत पुन्हा उघडली. साहेब वर्गात येऊन बसले. कॅप्टन दारात उभा राहून सारखा वर बघत होता. बाई नेहमी जिथे उभ्या राहत ती जागा आज मोकळी होती. त्या समोर, साक्षीदाराच्या जागी उभ्या होत्या, आणि त्यांना प्रथमच कळलं की इथून साहेब किती लांब आणि किती उंच दिसतात.

"हे तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंय का?" साहेबांनी सरळच विचारलं.

"तिने मला मारलं, साहेब. मी तिला मार असं म्हटलेलं नाही. हे मी शपथेवर सांगते."

"मी विचारलं त्याचं हे उत्तर नव्हे."

"माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे."

साहेब त्यांच्या गालाकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद पुढे ओढला. "आरोपीतर्फे कोण?"

या फेरीला गरिबांचा वकील म्हणून एकच माणूस यायचं, आणि ते माणूस आज फिर्यादी झालं होतं.

"ठीक आहे. जातमुचलक्यावर सोडतो. पुढच्या फेरीला हजर राहा, तोवर दुसऱ्या वकिलाची व्यवस्था होईल." साहेबांनी पेन उचललं आणि सवयीने विचारलं, "सरकारचं काय म्हणणं आहे?"

सगळं आता त्या भरभक्कम माणसावर येऊन ठेपलं. बाईंना त्यांच्याकडे बघायची सोय नव्हती. बघितलं असतं तर साहेबांनी ते टिपलं असतं. त्या समोरच्या फळ्याकडे बघत राहिल्या. 'जामिनाला विरोध करू नका' म्हणून त्यांनी या माणसाला आजवर किती वेळा गळ घातली होती, आणि किती वेळा त्याने मोठ्या मनाने ती ऐकली होती. आजही तो मोठ्या मनानेच वागला, तर सगळं बुडालं.

सरकारी वकील उठायला नेहमीच वेळ लावत. आज जास्तच लावला. त्यांनी एकदा धुणंवालीकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर विमानाकडे. खाली उतरलेल्या ढगाकडेही पाहिलं असावं.

"सरकारचा जामिनाला विरोध आहे," ते म्हणाले.

"कारण?"

"बचावाच्या वकिलावर हात टाकलाय. हे असंच सोडून दिलं तर उद्या इथे या लोकांसाठी उभं राहायला कोण येईल? दुसरं म्हणजे, जामिनाबद्दल आरोपीचं म्हणणं वकिलामार्फत ऐकलं पाहिजे. तो नियम आहे. इथे वकील नाही. शहरात आहे."

नियम हा शब्द साहेबांच्या कानात शिरला. त्यांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. बाहेर कॅप्टनने इंजिन सुरू केलं होतं.

"आरोपीला आजच शहरात न्यावं," साहेबांनी लिहिता लिहिता सांगितलं. "सोबत हवालदार."

काट्यापाशी कॅप्टनने तोंडातल्या तोंडात बेरीज केली. आरोपी आणि हवालदार, दोन माणसं वाढली. पेटी खाली राहील, आणि अजून एक माणूस. तो पुढे काही बोलला नाही, फक्त सगळे एकाच दिशेने बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता?" सरकारी वकील म्हणाले. "मीच राहणार आहे. मी उतरलो की हे विमान पाखरासारखं उडतं." मग बाईंजवळ येऊन हळू आवाजात, "तुमचा डबा तेवढा ठेवून जा. चार-पाच दिवस काढायचेत."

बाईंनी डबा दिला. आभार मानायला गेल्या तर रडू फुटेल आणि साहेब बघतील, म्हणून त्या नुसत्याच विमानात चढल्या.

विमान ढगात शिरलं तेव्हा साहेबांनीसुद्धा डोळे उघडे ठेवले होते. बाहेर नुसतं पांढरं. विमान खाली जायचं, परत वर यायचं. हवालदाराची पाचावर धारण बसली होती. त्याने वहिनीचा हात धरला होता की तिने त्याचा, ते सांगता आलं नसतं. धुणंवाली पहिल्यांदाच विमानात बसत होती, पण तिचं लक्षच नव्हतं. गाठोडं पोटाशी धरून ती ओठ हलवत होती. मध्येच तिने बाईंच्या गालाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला, कारण पुढच्या सीटवर लेखनिक होते.

उतरल्यावर बाई घाईने साहेबांच्या पुढे झाल्या. "साहेब, मला तक्रार मागे—"

"इथे नाही," साहेब म्हणाले. "धावपट्टीवर न्यायालय भरत नाही. आणि विमानातही भरत नाही. मी डोळे मिटतो, कान मिटत नाही." म्हणजे आजची रात्र कोठडीत, आणि रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाईंना काही सुचेना. साहेबांनी कोट अंगात घातला, बटणं लावली आणि हवालदाराकडे वळले.

"कोठडीत नेण्याआधी आरोपीची वैद्यकीय तपासणी करावी लागते. माहीत आहे ना?"

"होय, साहेब."

"सरकारी रुग्णालयात. नीट करून घ्यायची. घाई करायची नाही, सकाळ झाली तरी चालेल. फिर्यादीलाही न्या, त्यांची जखम नोंदवायची आहे." मग ते बाईंना म्हणाले, "उद्या कोर्ट उघडताच दोघी माझ्यासमोर. तिच्याबद्दल काय करायचं ते मी बघेन. तुमच्याबद्दलही बघेन. माझ्यासमोर पुन्हा तुम्ही उभ्या राहाल की नाही, हे मला आत्ता सांगता येत नाही."

ते खरंच तसं बोलले आणि तसंच त्यांच्या मनात होतं. बाईंनी मान डोलावली. त्यांना वाईट वाटलं, भीतीही वाटली, पण धुणंवाली तोवर फाटकापाशी पोचली होती आणि हवालदार तिच्या मागे धावत होता.

मुलांच्या वॉर्डात दारापासून तिसरी खाट. बरोबर गेलेली सिस्टर स्टुलावरून उठली. "ताप आहे अजून," ती म्हणाली, "दुपारी दोन चमचे पेज गेली. बोलत मात्र नाही कुणाशी." भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. चादरीखाली ती इतकीशी दिसत होती की बाईंना आधी खाट रिकामीच वाटली.

आई खाटेशी जाऊन उभी राहिली. इतकं सगळं करून आलेली ती बाई, पण आता तिला हाक मारता येईना. तिने नुसता हात पुढे केला आणि पोरीच्या केसांवर ठेवला.

भिंगरीने वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग परत भिंतीकडे तोंड केलं.

"तू आली नाहीस," ती भिंतीला म्हणाली.

"आले ना गं. हे काय, आलेय."

"तेव्हा नाही आलीस."

थोड्या वेळाने पोरीने पुन्हा डोकं फिरवलं, कारण तिला वर्दी दिसली होती. "काका, तू आईला का धरलंयस?"

हवालदाराने धरलेलं मनगट गडबडीने सोडलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "तिने या बाईंना मारलं," तो म्हणाला.

पोरीने बाईंकडे पाहिलं. सुजलेला गाल, निळा पडलेला ओठ, सगळं नीट निरखून पाहिलं. मग आईला विचारलं, "का मारलंस?"

"विमानात घेत नव्हते मला."

भिंगरी विचार करत राहिली. तापाने लाल झालेले डोळे एकदा आईकडे, एकदा बाईंकडे जात होते. "खूप दुखलं?" तिने बाईंना विचारलं.

"खूप," बाई म्हणाल्या.

पोरीने हाताने खाटेची कड धरली आणि भिंतीकडे सरकायला लागली. टाके ओढले गेले असणार, तोंड वेडंवाकडं झालं, सिस्टर नको नको म्हणत पुढे आली. पण ती थांबली नाही. एक माणूस मावेल एवढी जागा झाल्यावरच थांबली.